श्वासापुढची चार मिनिटं

२ नोव्हेंबर, रविवार

स्मिता चहाचा ट्रे घेऊन आत आली आणि म्हणाली, "गाणं एवढ्यातच बंद केलं? पुढचं तर छान आहे."

माधवचा कप हवेतच राहिला. "पुढचं? वहिनी, पुढचं कुठलं?"

"त्या बाईचं. श्वास घेते ना, त्याच्या पुढचं."

ट्रे ठेवून गेली. आम्ही दोघं चुलत्याच्या तेराव्याला बसल्यासारखे.

काही घरांत देव बाटतो. आमच्याकडे थॉर्नबेल बाटलं, आमचा विलायती बँड.

रात्रीपर्यंत डोकं तिथेच. विलायती रॉकचे ढोल-गिटार, त्यात चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या राजवाड्यातल्या बासऱ्या, ल्यूट आणि तो फुंकायचा क्रमहॉर्न, छत्रीच्या मुठीसारखा वाकडा. असलं मिश्रण ऐकणारी माणसं नाशिकमध्ये एकेकाळी चार होती. आता मी आणि माधव. एक पुण्याला गेला, एक त्याहून लांब. आणि या चारांपैकी कुणीही, कधीही, श्वासापुढे गेलेलं नाही.

तिला काय गरज होती जायची?

५ नोव्हेंबर

उलटतपासणी घेतली. कबुली ताबडतोब, पश्चात्ताप शून्य.

दसऱ्यापासून ऐकतेय. माझंच खातं तिच्या फोनमध्ये. जॉगिंग ट्रॅकवर चालताना आपोआप लागलं, तिने बंद केलं नाही. "चालायला बरं पडतं. सात मात्रांचं आहे, पाय चुकतो, मग लक्ष लागतं."

सात मात्रा! मी जन्मभर ऐकतोय, कधी मोजल्या नाहीत. ही पहिल्या आठवड्यात "रूपकच की" म्हणून मोकळी.

मी म्हटलं, सव्वीस वर्षं याला सर्दी झालेली म्हैस म्हणत होतीस.

"म्हैस आहेच. पण सुरात आहे."

आणि श्वासापाशी थांबली का नाहीस?

"तिथे थांबायचं असतं हे मला कुणी सांगितलं होतं?"

बिनतोड. तिला कसं कळणार? आमची मूळ कॅसेट नव्वद मिनिटांची. सातपूरच्या एका इंजिनिअरने विलायतेहून तबकडी आणलेली, त्याच्याकडून एका संध्याकाळपुरती उसनी. माधवच्या वडिलांना दुसऱ्या बाजूवर कीर्तन हवं होतं, कॅसेटचे पैसे त्यांचे. म्हणून अख्खी तबकडी एकाच बाजूत कोंबली. ती थोडी जास्त भरली. शेवटच्या लांब गाण्यात क्रमहॉर्न तिसऱ्यांदा वर चढतो, सगळे थांबतात, बाई श्वास घेते, आणि खट्. टेप संपली.

टेप संपली हे आम्हाला माहीत होतं. आणि तरी माहीत नव्हतं. कितीतरी वर्षं तोच शेवट मानला. मी त्याला 'अर्धोक्त' म्हणायचो. नाटकात पात्र अर्धं वाक्य बोलून थांबतं, कंसात लिहिलेलं असतं, 'इत्यर्धोक्ते'. हॉस्टेलच्या गच्चीवर यावर मी तासभर व्याख्यान दिलेलं आहे. तिघे जागे होते.

पुढे इंटरनेट आलं, श्वासापुढच्या चार मिनिटांसकट अख्खं गाणं आलं. तोवर थांबायची सवय झालेली. श्वास आला की मी हात पुढे करून बंद करतो. मग थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग चहा.

९ नोव्हेंबर, रवि.

माधव आला नाही. दिंडोरीला बागेत. ढगाळ आहे, द्राक्षाला फवारणी. फोनवर म्हणाला, "आभाळ गेलं की येतो, पंडित."

एकटा ऐकायला बसलो. श्वास. हात पुढे गेला, पण आज प्रथमच वाटलं की कुणीतरी पलीकडून बघतंय. पलीकडे म्हणजे स्वयंपाकघरात. लसूण सोलत.

१२ नोव्हेंबर

कॉलेजातून आलो. बेसिनमध्ये दोन कप. एकाच्या काठाला साय काढून चिकटवलेली. असं करणारा पृथ्वीतलावर एकच इसम आहे.

म्हणजे बुधवारी आभाळ गेलं होतं.

मी घरी नसताना माझा मित्र माझ्या घरी येऊन माझ्या बायकोकडून माझ्या गाण्याचा शेवट काढून घेतो? वाक्यात 'माझा' किती वेळा आला ते मोजत नाही.

स्मि. म्हणाली, "विचारत होते. म्हणे, नुसतं सांगा, बाई पुढे गाते का रडते. मी म्हटलं, तुमच्या गुरुजींना विचारा."

नाही सांगितलंस?

"नाही. तुमचं ते तुमचं."

बरं वाटायला हवं होतं. उलट आणखी टोचलं. किल्ली तिच्याकडे आणि ती दार न उघडण्याचा मोठेपणाही तिच्याकडेच.

आज संस्कृतच्या वर्गात असूया शिकवली: दुसऱ्याच्या गुणात दोष काढणे. उदाहरण द्या म्हटल्यावर एक मुलगी म्हणाली, "सर, तुम्हीच द्या ना." मी फळा पुसला.

१६ नोव्हेंबर, रवि.

बैठक नाही. माधवला मी बोलावलं नाही, तोही आला नाही.

२० नोव्हेंबर, गुरु.

आता हद्द झाली.

थॉ.च्या चाहत्यांचा इंटरनेटवर एक गट आहे. जगभरचे लोक, बहुतेक टकलू आणि सज्जन. मी तिथे फार वर्षं आहे. लांब लांब टिपणं लिहितो. एकदा मध्ययुगीन नृत्यप्रकारांवर लिहिलं, त्याला दोन अंगठे आले. एक माधवचा.

स्मिता परवा त्या गटात शिरली. चार ओळी लिहिल्या, पतसंस्थेच्या इंग्रजीत. 'कृपया नोंद घ्यावी' या थाटात. की आमच्या गावी काही गृहस्थ तुमचं गाणं बाई श्वास घेते तिथे थांबवतात, पुढे जात नाहीत, त्यांना असंच मिळालं होतं. आणि मी चुकून पुढे गेले, तरी क्षमस्व.

सकाळी उठून बघतो तर खाली रांग लागलेली. आणि रांगेत वॉल्टर.

वॉल्टर! खुद्द क्रमहॉर्नवाला. ऐंशीच्या घरातला. मूळ मंडळींपैकी गटात येणारा एकटाच, तोही वर्षातून एकदा, तब्येत सांगायला. त्याने लिहिलंय: 'प्रिय स्मिता, आमच्या शेवटाला इतका मान आजवर कुणी दिला नव्हता. बहुतेक लोक तोपर्यंत झोपलेले असतात.'

प्रिय स्मिता.

मी कॉलेजात असल्यापासून या माणसाला पत्रं लिहिली. निळी हवाई पत्रं. चारही कडांना लिहिलेली, मधे श्लोक, श्लोकाखाली भाषांतर. एकाचंही उत्तर नाही. हिला चार तासांत.

ती म्हणाली, "पत्ता बरोबर होता का?"

रेकॉर्ड कंपनीचा होता.

"ती तर कधीच बंद पडली असं तुम्हीच सांगता."

हे आपण कधी सांगायलाच नको होतं.

२१ नोव्हेंबर

गटात त्या जागेला नाव पडलं आहे. 'स्मिताचा थांबा.' ब्राझीलमधल्या एका गृहस्थाने काल तिथे थांबून पाहिलं, म्हणाला अंगावर काटा आला. नॉर्वेतल्या बाई रोज थांबतात.

स्मिताचा थांबा! जी एकटी थांबली नाही तिच्या नावाने.

तिने खाली प्रामाणिकपणे लिहिलं, 'हे माझ्या यजमानांचं आहे.' त्यावर एकाने लिहिलं, 'किती विनयशील!'

२३ नोव्हेंबर, रवि.

माधव आला. बसलो. नेहमी पहिल्या ढोलाला डुलायला लागतो (नियमाविरुद्ध). आज डुलला नाही. श्वास आला, मी बंद केलं.

माधव म्हणाला, "मजा नाय राहिली रे."

का?

"आधी पुढं काही नव्हतंच, म्हणून थांबत होतो. आता पुढं हाय हे माहितीय आणि तरी थांबायचं. हा उपास नाय, पंडित, उपासमार हाय."

मी म्हटलं, जा मग. ऐक. फोन तुझाही आहे.

"हाय ना. बागेत बसून ऐकता आलं असतं. मजूर गेल्यावर सगळी बाग माझीच." उठला. चपला शोधल्या. "तू म्हणालास म्हणून इतकी वर्षं थांबलो. आता तू म्हणशील तेव्हाच पुढं जाईन. पण कधी म्हणणार तेवढं सांग. आपली वयं लय झाली."

चहा न घेता गेला. स्मिताने तीन कप आणले होते. एक परत नेला. त्यावर साय धरली होती.

२७ नोव्हेंबर, गुरु.

संध्याकाळी स्मि. शेंगदाणे भाजत होती, मी दारात. गुणगुणत होती. छान होतं. वळणावळणाने खाली उतरणारं काहीतरी. मी म्हणणार होतो, हे कुठलं गं, नवीन भजन?

मग ओळखलं.

ते पुढचं होतं.

एवढी वर्षं राखलेलं, आणि शेंगदाण्याच्या वासात मिसळून चार-पाच सूर माझ्या कानात शिरले. परत काढता येत नाहीत. डोळे मिटता येतात, कानाला पापणी नाही.

तिने मागे पाहिलं. "काय झालं?"

काही नाही.

"अहो, काय झालं?"

तू गुणगुणत होतीस.

"मग?" आणि मग तिच्या लक्षात आलं. झाऱ्यासकट हात तोंडावर. आधी हसली. मग नाही हसली. "म्हणजे आता स्वतःच्या घरात मी गुणगुणायचं पण नाही?"

दाणे करपले. त्याचा दोषही माझ्याच खात्यावर.

३० नोव्हेंबर, रवि.

घरात शांतता आहे. मी मागितली नव्हती.

ती ट्रॅकवर जाते, कानाला काही न लावता. इयरफोन टेबलावर गुंडाळून ठेवलेले, साप टोपलीत ठेवतात तसे. स्वयंपाकघरात फक्त भांडी बोलतात. मी सकाळी मुद्दाम जरा मोठ्याने थॉ. लावलं, पहिली बाजू, निरुपद्रवी. तिने आतून दार लोटून घेतलं.

मग तो चार सुरांचा तुकडा मीच दिवसभर मनात वाजवला. पुढे काय ते माहीत नाही म्हणून तेवढाच पुन्हा पुन्हा.

षड्रिपूंत मत्सर सहावा. शेवटी बसतो म्हणून धाकटा समजू नये.

४ डिसेंबर, गुरु.

जेवताना तिने फोन माझ्या ताटाशेजारी ठेवला. "वाचा."

वॉल्टरचं. गटाची ऑनलाइन भेट १३ तारखेला, शनिवारी, त्यांच्या दुपारी, आपल्या संध्याकाळी. त्याची बोटं आता वळत नाहीत, लोकांसमोर वाजवणं केव्हाच सोडलं. पण नाशिकसाठी त्याला एकदा वाजवायचंय. श्वासापासून पुढे. बाई आता हयात नाही, तर तिचा भागही क्रमहॉर्नवरच.

मी म्हटलं, जा की. तुझं आमंत्रण आहे.

"आणखी खाली वाचा. आमटी नंतर घ्या."

खाली होतं: 'पण थांबणारे ते गृहस्थ हजर असावेत, आणि त्यांनी सांगितल्याशिवाय मी सुरू करणार नाही.'

थांबणारे ते गृहस्थ. नाव लिहिलेलं नाही. ती प्रिय स्मिता आणि मी ते गृहस्थ.

"काय कळवू?"

तुला काय वाटतं ते कळव.

"मला काय वाटतं ते तुम्हाला नको असतं. तुम्ही म्हणाल तसं."

आमटी गार झाली होती.

७ डिसेंबर, रवि.

आज सोमेश्वरपर्यंत चालत गेलो दोघं, बऱ्याच दिवसांनी. परतताना कणसं घेतली. ती म्हणाली, "एक विचारू? रागावू नका."

मी रागावत नाही.

"तुम्हाला शेवटाची भीती नाही. तुम्हाला राग आहे तो मी आधी पोचले याचा."

मी कणीस खात होतो, तोंड भरलेलं, त्यामुळे खोटं बोलता आलं नाही. मान डोलावली.

"बरं झालं एकदाचं. आपण कुठेही गेलो तर तुम्ही तासभर आधी. स्टेशनवर, लग्नाला, डॉक्टरकडे. आयुष्यात एकदा मी आधी पोचले, तेही चालता चालता, तर महिनाभर तोंड फिरवून बसलात."

मी म्हटलं, तसं नाही. ते एकच असं होतं की...

"की तुम्हाला ठाऊक आणि मला नाही."

वाक्य तिने पुरं केलं. मी अर्धोक्तवाला.

जरा पुढे गेल्यावर, माझ्याकडे न बघता: "दर रविवारी दोघं दार लोटून बसायचात. आतून ते ढोल नि ती म्हैस, मग एकदम गप्प. मला वाटायचं, हे आत गप्प बसून काय करतात? लग्न होऊन आले तेव्हापासून वाटायचं. मला मत्सर नव्हता वाटत?"

दार वाऱ्याने लागतं, मी म्हटलं.

"दर रविवारी वारा?"

मग हसू आलं दोघांना. तिला जास्त. मला ते आलं तरी आतला काटा निघाला नाही हेही नोंदवून ठेवतो. उलट एक नवीन कळलं: ती म्हैस म्हणायची तेव्हा कान दारालाच होते.

८ डिसेंबर

तिने विचारलं नाही. मी सांगितलं नाही. पण वॉल्टरला उत्तर गेलंय. गटात दिसलं: 'आम्ही तिघे असू. गृहस्थ होकार देतील याची खात्री देता येत नाही.'

तिचं इंग्रजी सुधारतंय.

११ डिसेंबर, गुरु.

माधव हरभऱ्याचे डहाळे घेऊन आला. सरळ स्वयंपाकघरात. मला दारातून: "शनिवारी येतोय. वहिनींनी बोलावलंय."

मी नाही?

"तू कुठं बोलावलंस?" डहाळा पुढे केला. "खा. गोड हाय. आणि ऐक पंडित, त्या म्हाताऱ्याला नाय म्हणायचं असलं तर आत्ताच सांग. बोटं वाकडी झालेला माणूस आठवडाभर रियाज करतोय म्हणे. गटात वाचलं मी."

मीही वाचलं होतं. रोज थोडा वेळ, मग बोटं गरम पाण्यात. त्याच्या मुलीने फोटो टाकलाय, बादलीत हात बुडवून बसलेला. खाली स्मिताने लिहिलंय: 'त्यात थोडं मीठ घाला.'

त्याने घातलं. 'आराम पडला, प्रिय स्मिता.'

हेही सहन केलं.

१३ डिसेंबर, शनिवार

सव्वासात. भेट अजून सुरू व्हायची आहे. रोजनिशी मांडीवर घेऊन बसलोय. हाताला काहीतरी हवं.

दुपारपासून स्मि. बैठकीची खोली आवरत होती, जणू पाहुणे लॅपटॉपमधून बाहेर येणार आहेत. साडी नेसली. मलाही शर्ट बदलायला लावला. दार उघडंच आहे, खाली वीट लावून ठेवली आहे.

माधव आला. दाढी केलेली. लग्नातसुद्धा करत नाही.

सुरू झालं. लहान लहान चौकोनांत चेहरे. एकाच्या मांडीवर मांजर. नॉर्वेच्या बाई हात हलवतायत, स्मिता पण. "ही ती रोज थांबणारी," मला कानात. सूत्रसंचालक बाई: स्मिता, आणि हे ते का? मी नमस्कार केला. टाळ्या. कशाबद्दल, कळलं नाही. थांबल्याबद्दल असाव्यात.

माधव: "तू फेमस झालास रे, काही न करता."

आता मूळ गाणं लावलंय, सगळ्यांनी मिळून ऐकायला. लिहितोय तोवर ढोल संपले. माधव डुलतोय. स्मिता बोटांवर सात मोजतेय, मी चोरून तिच्या बोटांकडे बघून मोजतोय. चौथ्याला चुकतो. ती न बघता माझं बोट धरून बरोबर करते.

क्रमहॉर्न एकदा चढला.

दुसऱ्यांदा.

या बाईचा श्वास मी इतक्या वेळा ऐकलाय की तो माझाच वाटतो. आज खोलीत तीन माणसं आणि पलीकडे कित्येक, सगळ्यांनी एकदम घेतला. मला हे आवडलं नाही. आणि आवडलं.

खट्. त्यांनी थांबवलं. माझा हात अर्ध्यावर पुढे गेलेला होता. माधवने बघितलं.

शांतता. चौकोनांतसुद्धा. मांजर सोडून.

आता वॉल्टर. एकट्याचा चौकोन मोठा झालाय. बारीक, गळ्याला मफलर, मागे कपाटावर औषधांच्या बाटल्या. वाकडं वाद्य दोन्ही हातांत. बोटं भोकांवर एकेक करून बसवतोय, बघून नाही, चाचपून. वर बघितलं. कॅमेऱ्यात नाही, जरा बाजूला, म्हाताऱ्यांचं होतं तसं. म्हणाला, सर, मी तयार आहे. तुम्ही म्हणाल तेव्हा.

सर म्हणाला. नाव नाहीच.

स्मिताने खुर्ची मागे घेतली, माइकसमोर मी एकटा उरेन इतकी. माधव जमिनीकडे बघतोय. चार सूर माहीत आहेत मला. त्यांच्या पुढचे तिला माहीत आहेत. आणि ती आत्ता माझ्याकडे बघते आहे, माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली, शेवट ठाऊक असून.

वॉल्टरने ओठ वाद्याला लावले. छाती फुगली. थांबला.

"वही ठेवा, अहो," स्मिता म्हणतेय. "म्हातारा श्वास भरून बसलाय."